सातवेस: सगळ्यांनी मिळून एक शहर बांधूया

सोंगटी
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या पुण्याच्या गटाचं नवं कॅम्पेन सुरू होतंय, म्हणजे फासे टाकत, आपापलं पात्र वठवत मिळून रचायची लांबलचक गोष्ट. पाच खेळाडू, एक शनिवार सोडून एक, माझ्या घरी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मीच.

मागचं कॅम्पेन दीड वर्ष चाललं, पण एक गोष्ट तेव्हापासून मला खुपते आहे. त्यातलं शहर मी एकटीने लिहिलं होतं. चाळीस पानं, राजांची वंशावळ, प्रत्येक देवळाचा इतिहास. खेळाडूंच्या वाट्याला त्यातली दोन पानं आली असतील. शिवाय ते शहर होतं कुठलं, तर टेकडीवर ड्यूकचा गढीवाडा, खाली सराईत बिअरचे पेले, बाहेर पाइनचं जंगल. त्या शहरात पाणी कुठून येतं, पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

म्हणून या वेळी शहर इथे, या धाग्यात सगळ्यांनी मिळून बांधायचं. एका प्रतिसादात एकच नवी गोष्ट घालायची. दुसऱ्याने घातलेलं खोडायचं नाही. पटलं नाही तर त्याची किंमत सांगायची, म्हणजे ती गोष्ट शहरात असल्यामुळे कुणाला काय सोसावं लागतं ते. आणि शेवटी एक प्रश्न सोडायचा, ज्याचं उत्तर आपण स्वतः द्यायचं नाही.

सुरुवात मी करते. शहराचं नाव सातवेस. कोरड्या पठारावर वसलेलं, भोवती तट. नाव सातवेस, पण नकाशावर वेशी सहाच आहेत. सातवी कुठे, ते मी ठरवलेलं नाही आणि खेळ सुरू होईपर्यंत कुणी ठरवायचंही नाही.

प्रश्न: या पठारावर पाणी कुठून येतं?

वीसबाजू
सोंगटी, मनापासून आवडलं. मी टोरांटोत रविवारी इथल्या मराठी मुलांना खेळवतो, त्यामुळे हा धागा माझ्याही कामाचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. तेव्हापासून बहुतेक टेबलांवर जग डीएमने बांधायचं आणि बाकीच्यांनी त्यात फिरायचं, हीच रीत आहे. पण मिळून नकाशा काढायचे खेळही झालेत. ॲव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' (२०१३) घ्या. पत्त्यांच्या कॅटमधली ५२ पानं म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे. एक पान उचलायचं, त्याबरहुकूम एका कागदावर सगळ्यांनी वस्ती रेखाटत न्यायची. दुसऱ्याने केलेलं खटकलं तर वाद न घालता एक खडा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. वर्ष संपेपर्यंत कुणापुढे किती खडे साचलेत ते सगळ्यांना दिसतं, आणि त्या खड्यांकडे बघणं फार बोलकं असतं.

तुझा 'किंमत सांगा' हा नियम मला त्याच्याही पुढचा वाटतो. खडा नाराजी दाखवतो. किंमत मात्र शहरात राहते, तिच्यातून पुढची गोष्ट निघते.

पाण्याचं उत्तर देत नाही. इथे माझ्यापेक्षा जाणकार माणसं आहेत.

तापीकाठ
पाण्याचा विषय निघाला आणि मी बुऱ्हाणपूरचा, मग गप्प कसा बसू!

आमच्याकडे कुंडी भंडारा आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना बांधलेला. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे झिरपत येतो. वाटेत त्याला आडवं भुयार खणून धरलंय आणि केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणलंय. ना मोट, ना रहाट. वर जमिनीवर एका ओळीत कुंड्यांची, म्हणजे भुयारात उतरणाऱ्या विहिरींची, तोंडं दिसतात, शंभराहून अधिक. मी खाली उतरलोय. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत पायाशी गार पाणी. भिंतीवर चुन्याचे पांढरे थर चढलेत. लांब दुसऱ्या कुंडीतून उजेडाचा एक खांब पाण्यात उभा दिसतो. एकदा तो पाहिला की माणूस विसरत नाही.

तर सातवेसला पाणी सात कोसांवरच्या डोंगरातून भुयाराने येतं. नदी नाही, तलाव नाही, फक्त ते भुयार.

प्रश्न: भुयाराच्या तोंडांवर वर जमिनीवर काय आहे?

हिरवाचाफा
मला ड्रॅगन हवाच. लहानपणापासून हवाय. तटाच्या पूर्वेच्या बुरुजावर एक म्हातारा ड्रॅगन झोपलेला आहे. शहर वसायच्या आधीपासून.

प्रश्न: त्याला कुणी उठवत का नाही?

तापीकाठ
किंमत सांगतो. ड्रॅगनच्या अंगाची धग असणार. पूर्वेकडच्या पेठेतला हौद सगळ्यात आधी आटतो. तिथल्या बाया दोन पेठा ओलांडून पाणी आणतात.

मोडीवाचक
आणि म्हणून त्या पेठेला करमाफीचा कौल आहे. हे मी हवेतून सांगत नाही. नवी पेठ वसवायची तर सावकार, उदमी, कारागीर तिथे येऊन राहावेत म्हणून काही वर्षांची सूट देत, शेटे-महाजन नेमून त्यांना हक्क देत. ड्रॅगनच्या सावलीत घर बांधायला कोण येईल? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो, आणि ज्याला कर चुकवायचा आहे तो. दोघेही एकाच आळीत.

आता तापीकाठ यांच्या प्रश्नाकडे येतो. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून शहरात पाणी आणलं. कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बांधणीचा नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत, हौद राहिले असोत वा नसोत. नळ बराचसा माणूस आत शिरून साफ करू शकेल एवढा मोठा. आणि वर ठिकठिकाणी धुराड्यासारखे दगडी मनोरे, आतली हवा बाहेर पडावी म्हणून. त्यांना शब्द आहे 'उच्छ्वास'.

कागदात हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं वाचू शकलो नव्हतो. गवंड्यांनी पाण्याच्या नळाला श्वास आहे असं मानून त्याला नाव दिलं.

सातवेसमध्येही उच्छ्वास असावेत. डोंगरापासून तटापर्यंत माळावर, आणि शहरात चौकाचौकात.

प्रश्न: उच्छ्वासातून हवेबरोबर आणखी काय बाहेर येतं?

रानजाई
आवाज!

मोडीवाचककाका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि पोळ्या तव्यावर टाकून लिहायला बसले. वरच्या अंगाला पाण्याजवळ जे बोललं जातं, ते पाणी धरून ठेवतं आणि वाहत येताना उच्छ्वासातून सोडतं. डोंगरात उगमापाशी कुणी काही बोललं, की ते बोलणं पाण्याबरोबर शहराकडे निघालं. चौकातल्या मनोऱ्याला कान लावला की ऐकू येतं. सातवेसची सगळी जादू एवढीच. कांडी नाही, मंत्राची पोथी नाही.

प्रश्न: मग या शहरात गुपित कसं ठेवतात?

सोंगटी
अंगावर काटा आला. माझी चाळीस पानं या एका शब्दापुढे काहीच नाहीत.

वीसबाजू
रानजाई, सुंदर. डीएम म्हणून मला लगेच विचारावंसं वाटतं की किती वेळाने ऐकू येतं? खेळाडू पहिल्याच सेशनला हे विचारणार, आणि उत्तर ठरलेलं नसेल तर जादू गुळमुळीत होते.

साधा हिशेब करतो. कोस दोन मैलांचा धरला तर सात कोस म्हणजे साधारण साडेबावीस किलोमीटर. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहतंय असं धरा. साडेबारा तास. म्हणजे उगमावर पहाटे बोललेलं शहरात संध्याकाळी दिवेलागणीला पोचतं. मधल्या माळावरच्या उच्छ्वासात ते दुपारी पोचतं. घोडेस्वार त्याच्या कितीतरी आधी पोचतो. म्हणजे एखादं वाक्य शहराला ऐकू येण्याआधी तिथे पोचून त्यावर काही करता येतं. पाठलागाचं अख्खं सेशन यातून निघतं.

रानजाई
आणि पाणी वर्षभर सारखं कुठे असतं! आम्हा नाशिककडच्यांना हे सांगायला नको. वैशाखात धार बारीक होते, मग बोलणं सावकाश आणि तुटक येणार, चार शब्द आले की मध्ये गॅप. आषाढात लोंढा. शंभर जणांचं बोलणं एकात एक मिसळून गढूळ, कुणाचं काय ते कळायचं नाही. कार्तिकात पाणी निवळतं, तेव्हा बोलणंही निवळतं. लग्नाच्या बोलण्या, वाटण्या, तह, सगळं शहरात कार्तिक-मार्गशीर्षात होतं, कारण तेव्हाच कुणी म्हणू शकत नाही की मी असं बोललोच नव्हतो.

एक व्यवसाय घालते. आजी गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकायची, गाळ खाली बसायचा. सातवेसमध्ये निवळीवाले आहेत. पावसाळ्यात ते उच्छ्वासाखालच्या पाण्यात बी उगाळतात आणि मिसळलेल्या बोलण्यातून एक आवाज वेगळा करून देतात. त्याचे पैसे घेतात.

प्रश्न: निवळीवाल्याने खोटं सांगितलं तर ते कळणार कुणाला?

मोडीवाचक
फार छान. मी पेठांचं सांगून टाकतो, नाहीतर शहर नुसतंच भुयार होईल.

पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत, पण ती पहिली नावं नव्हेत. शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद, रविवार पेठ मलकापूर, गुरुवार पेठ वेताळ पेठ. एकाच जागेला दोन नावं असली की माणूस कुठलं नाव घेतो त्यावरून तो किती पिढ्यांचा रहिवासी आणि कुणाच्या बाजूचा, हे ओळखता येतं. डीएमला हे फुकट मिळालेलं हत्यार आहे. एनपीसीच्या, म्हणजे डीएम रंगवतो त्या पात्राच्या, तोंडी जुनं नाव घाला, बाकी काही सांगावं लागत नाही.

सातवेसच्या पेठांनाही वारांची नावं, पण कारण वेगळं. भुयाराचं पाणी एका वेळी एकाच पेठेच्या हौदात सोडता येतं. सोमवारी ज्या पेठेत पाणी येतं ती सोमवार पेठ.

नवखी
मी इथे पहिल्यांदाच लिहितेय आणि हा खेळ अजून एकदाही खेळले नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ज्या गावात वाढले तिथे आठवड्यातून दोनदा नळ यायचा. "आज पाण्याचा वार आहे" एवढं म्हटलं की आईचं पूर्ण दिवसाचं वेळापत्रक बदलायचं. म्हणून मोडीवाचक सरांचं वाचताना मला एक गोष्ट सुचली. बोलणं जर पाण्यातून येत असेल, तर ते ज्या पेठेचा वार असेल तिलाच ऐकू येणार ना? मंगळवारी पोचलेलं वाक्य फक्त मंगळवार पेठेला माहीत. बाकी सहा पेठांना ते मंगळवारकरांकडून विकत घ्यावं लागणार, किंवा मागून.

प्रश्न: कुठल्या पेठेचा वार विकत घेतला गेलाय?

वीसबाजू
नवखी, अजून एकदाही खेळली नाहीस आणि शहराचं अख्खं अर्थकारण दोन ओळींत मांडलंस. सोंगटी, हिला टेबलावर बोलाव. खरंच सांगतोय.

सोंगटी
पुण्यात असलीस तर ये गं, एक जागा रिकामीच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मांडवी
गोव्याहून एक भर. आमच्याकडे खाजन शेती आहे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधाला मानस, म्हणजे लाकडी दरवाजे. भरती आली की पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. पण हे सगळं टिकायचं ते गावकऱ्यांनी मिळून बांध राखला म्हणून. बांधाला भगदाड पडलं की तो कुणा एकाच्या शेताचा प्रश्न राहत नाही. एकाकडे दुर्लक्ष झालं तर सगळ्यांच्या शेतात मीठ.

म्हणून सातवेसमध्ये दर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, भुयाराचा उपसा होतो. तीन दिवस पाणी अडवतात आणि प्रत्येक घरातून एक माणूस गाळ काढायला आत उतरतो. तीन दिवस शहरात कुणालाच काही ऐकू येत नाही. मोठा सण आहे तो.

प्रश्न: त्या तीन दिवसांच्या शांततेत लोक काय काय उरकून घेतात?

पाथरवट
रोज वाचत होतो, आज लिहितो. मांडवीताईंनी घातलेलं खोडत नाही, नियम आहे. किंमत सांगतो.

प्रत्येक घरातून एक माणूस उतरतो, हे ठरावात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात उतरत नाही. ज्यांना परवडतं ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवतात. हळूहळू ते दुसरे ठरूनच जातात. मग त्यांची मुलं. मग शहर म्हणायला लागतं की ही कामं त्यांचीच.

माझे आजोबा विहिरींचा गाळ काढायचे. कमरेला दोर बांधून उतरायचे, दिवसभर पाट्या भरून वर द्यायचे. संध्याकाळी त्याच विहिरीचं पाणी त्यांना वरून ओंजळीत ओतलं जायचं. काठाला हात लावायचा नाही. हे मला त्यांनी सांगितलं नाही, आजीने सांगितलं.

तुम्ही सगळ्यांनी इतकं देखणं शहर बांधलंय की ते मला माझं वाटायला लागलंय. म्हणूनच लिहितोय. आपल्या मातीतलं शहर म्हणायचं, पाण्यावर उभं करायचं आणि पाण्याला कोण शिवू शकतं हा प्रश्न गाळायचा, तर मग ड्यूकचं शहर काय वाईट होतं?

मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. महाडचा तो कागद आणि ओंजळ यांच्यामध्ये तीन वर्षं गेली. सातवेसची सगळी गोष्ट मला त्या तीन वर्षांत दिसते.

हिरवाचाफा
पाथरवट, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तरी मनात आलं ते लिहितो, राग मानू नका. मी आठवडाभर राबून शनिवारी खेळायला बसतो. टेबलावर कुणी तरी जातीवरून बोलणारा एनपीसी रंगवायला लागला, आणि समोर ज्याच्या घरात हे घडलंय असा कुणी बसलेला असला, तर? त्याच्यासाठी तो खेळ राहील का? मला ती भीती वाटते. मला कुणालाही त्या जागी बसवायचं नाहीये.

पाथरवट
राग अजिबात नाही. भीती खरी आहे. ज्या टेबलावर मी खेळलो तिथे एकदा हे घडलंय आणि मी पुन्हा त्या टेबलावर गेलो नाही.

वीसबाजू
याच्यासाठी खेळणाऱ्यांनी साधनं काढलेली आहेत, ती वापरूया. खेळाआधी सगळ्यांनी बसून दोन याद्या करायच्या. एक रेषा, म्हणजे जे या टेबलावर येणारच नाही. दुसरी पडदे, म्हणजे जे या जगात आहे पण आपण रंगवून दाखवत नाही, पडदा पाडून पुढे जातो. शिवाय जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं एक्स-कार्ड: फुली मारलेलं कार्ड टेबलाच्या मध्ये ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. माझ्या टेबलावर मुलं असतात, कार्ड कायम असतं. वर्षात दोन-तीनदा वापरलं गेलं असेल. पण ते आहे म्हणून मुलं मोकळी खेळतात.

पाथरवट, तुमच्या मते काय रेषेपलीकडे आणि काय पडद्याआड?

पाथरवट
शिव्या आणि अपमान रंगवून दाखवणं रेषेपलीकडे. कुणीच, कुठल्याही एनपीसीच्या तोंडून नाही. रोजची हेटाळणी पडद्याआड, ती आहे हे सगळ्यांना माहीत आहे तेवढं पुरे.

पण एक गोष्ट मला पडद्याआड नको, उजेडात हवी. हे लोक बिचारे म्हणून शहरात नकोत. भुयारात वर्षभर तेच असतात. मग उगमावरचं बोलणं चौकात पोचायच्या आधी कुणाच्या कानावर पडतं? त्यांच्या. सातवेसमध्ये आजवर झालेला प्रत्येक तह, प्रत्येक कट त्यांनी शहराच्या आधी ऐकलेला आहे. आणि भुयारात उभं राहून बोललं तर ते खाली ऐकू जाईल, म्हणून ते आपसात बोलत नाहीत. दगडावर बोटांनी ठोकतात. शहराला ती भाषा येत नाही.

शहर त्यांना काय म्हणतं ते मला नको. ते स्वतःला काय म्हणतात ते हवं. तेवढाच माझा प्रश्न.

नवखी
पाणजागे. पाण्यापाशी जागणारे.

पाथरवट
हो. हेच.

हिरवाचाफा
माझ्या ड्रॅगनला कुणी का उठवत नाही त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नियमाप्रमाणे मी देऊ शकत नाही. पण पाथरवट यांचं वाचल्यापासून वाटतंय की ते पाणजाग्यांना माहीत असावं. एवढंच म्हणून थांबतो.

मांडवी
माझा सण आता मला वेगळाच दिसतोय. तीन दिवस शहर शांत, कारण आत पाणजागे राबतायत. वर सगळे म्हणणार की आम्ही मिळून गाळ काढला. पाथरवट, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

मोडीवाचक
एक व्यवहाराची गोष्ट, सोंगटीसाठी. पेशव्यांच्या पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी, फिरताना दिसला की कोतवालाची माणसं धरून चावडीवर नेत. सातवेसमध्येही तोफ ठेव. तोफ झाली की सहाही वेशी बंद. खेळाडू रात्री अडकले पाहिजेत.

सोंगटी (तीन आठवड्यांनी)
पहिलं सेशन झालं! सविस्तर लिहिते, कारण हे तुमचं सगळ्यांचं आहे.

आधी अर्धा तास रेषा आणि पडदे. सहा जणांनी आपापल्या चिठ्ठ्या लिहिल्या, मी नाव न घेता वाचून दाखवल्या. पाथरवट यांनी सांगितलेलं पहिल्याच यादीत होतं आणि त्यावर कुणी एक शब्द वाढवला नाही. एक्स-कार्ड मध्ये ठेवलं. नवखी आली होती, आयुष्यातला पहिला खेळ. तिने पाणजागीचं पात्र घेतलं.

कार्तिकातला बुधवार. बुधवार पेठेच्या चौकात गर्दी, संध्याकाळी उच्छ्वासातून स्वच्छ ऐकू येतं, "शनिवारचा हौद फुटला पाहिजे." एका बाईचा आवाज. बस, एवढंच. वीसबाजूंचा हिशेब मी टेबलावर माझ्यापुढे उभ्या केलेल्या डीएमच्या आडोशावर चिकटवून ठेवला होता. खेळाडूंनी लगेच मोजलं, म्हणजे हे आज पहाटे उगमावर बोललं गेलं. बोलणारी अजून डोंगरात असेल, किंवा घोड्यावरून केव्हाच शहरात आली असेल. शनिवार पेठ म्हणजे ड्रॅगनच्या धगीतली पेठ, हौद आधीच अर्धा. कोण फोडेल आणि का? पुढचे दोन तास मी जवळजवळ बोललेच नाही. तेच एकमेकांना पेठांची जुनी नावं सांगत होते. मी न दिलेली चार नावं त्यांनी तिथल्या तिथे तयार केली, मी लिहून घेतली.

मग व्हायचं तेच झालं. आजच्या आज डोंगराकडे निघायचं ठरलं आणि तोफ झाली. वेशी बंद. फितुरी करून दार उघडवावं का, तटावरून दोर टाकावा का, यावर वीस मिनिटं वाद. फासे टाकले, दोनदा फसले. ड्रॅगनच्या बुरुजावरून जाऊया इथपर्यंत गाडी आली.

नवखी या सगळ्यात गप्प होती. तिने कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, उलटी केली, नकाशा स्वतःकडे ओढला आणि मला विचारलं, "ताई, पाणजाग्यांची वस्ती तटाच्या बाहेर आहे ना?" मी म्हटलं हो. "आणि दिवसा सहा वेशींतून त्यांना आत घेत नाहीत?" मी थांबले. हे आपण कधी ठरवलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग मी रोज कामाला आत कशी येते?"

टेबलावर कुणी हललं नाही. तिने भुयार जिथे तटाखालून जातं तिथे बोट ठेवलं. "तुम्ही सातवी वेस शोधताय. मी रोज तिच्यातूनच येते. चला माझ्या मागे. आणि आत बोलू नका."

आम्ही तिथेच सेशन थांबवलं. त्यानंतर कुणाला खेळायचंच नव्हतं, सगळे नुसते नकाशाकडे बघत बसले होते.

रानजाई
वाचताना डोळे भरून आले. शहराला नाव दिलं तेव्हापासून ती वेस तिथेच होती.

तापीकाठ
भुयार मी घातलं, पण ते तटाखालून कुठेतरी आत शिरत असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नवखी, शाबास.

वीसबाजू
सोंगटी, एक सूचना. पुढच्या वेळी त्यांना आत बोलू देऊ नकोस. खरंच टेबलावर सगळ्यांनी गप्प बसायचं, बोलायचं ते टेबलावर बोटांनी ठोकून. काय ठोकलं म्हणजे काय अर्थ, ते नवखी ठरवेल. भाषा तिच्या माणसांची आहे.

नवखी
चालेल. तीन खुणा ठरवल्या आहेत: थांब, कुणीतरी आहे, आणि पाणी वाढतंय. बाकीच्या लागतील तशा. मला रात्री झोप आली नाही त्या सेशननंतर.

पाथरवट
मीही दोनदा वाचलं. एकदा आईला वाचून दाखवलं.

एक गोष्ट घालतो. सातव्या वेशीला दार नाही, फक्त एक दगडी उंबरा आहे, पाण्याच्या पातळीच्या जरा वर. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजून त्याला खळगा पडलाय, आणि त्या खळग्यात पाणी साचतं. कामाला उतरणारा प्रत्येक पाणजागा तिथे वाकतो आणि पहिली ओंजळ पितो. शहराच्या सगळ्या हौदांच्या आधी. वरून ओतायला तिथे कुणी नसतं.

प्रश्न: त्या खळग्यातलं पाणी वाहत नाही, साचून राहतं. मग त्या उंबऱ्यावर सगळ्यात पहिल्यांदा कोण काय बोललं, ते अजून त्यात आहे का?